मुकादमाचा खोकला

धुळ्यातली कापड गिरणी बंद पडली त्याला बरीच वर्षं झाली, पण प्रेमराज आबांच्या घरात ती अजून शिल्लक होती. पितळी बिल्ले, पाळीचे तक्ते, संपाची पत्रकं, दीडशे फोटो. त्यांचे वडील चिंधा त्या गिरणीत मुकादम होते. नोकरीतून सुटल्यापासून दहा वर्षं आबा दारोदार फिरून हे सगळं जमवत होते. बघायला मात्र फारसं कोणी येत नसे.

मग कोकिळा आली. जळगावची मुलगी, कॉलेजात इतिहास शिकवायला धुळ्यात आलेली. तिने गिरणी कामगारांशी बोलून त्याचे छोटे व्हिडिओ मोबाइलवर टाकायला सुरुवात केली आणि सहा महिन्यांत गावभर तिचं नाव झालं. आबांचा स्वतःचा नातूसुद्धा जेवताना तिचे व्हिडिओ बघायचा. आबा ताटावरून उठून जायचे.

एकदा ती घरी आली. फायली बघताना म्हणाली, "आबा, हे सोनं आहे. गिरणीतल्या बायकांपैकी कोणी आहे का हो आता?"

भिकुबाई होत्या. शहाऐंशी वर्षांच्या, चाळीसगावला मुलीकडे. पत्ता आबांच्या वहीत होता.

"नाही," आबा म्हणाले. "सगळ्या गेल्या."

दुसऱ्याच दिवशी ते चाळीसगावच्या एसटीत बसले. खिशात मोबाइल होता, त्यावर रेकॉर्डिंग कसं करायचं ते नातवाकडून शिकून घेतलं होतं. ही मुलाखत आपली, तिला मिळायची नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

भिकुबाई बोलायला लागल्या. पाळी सातला सुटायची, असं म्हणाल्या. आबांनी फाइल उघडली. "सात नाही अक्का, साडेसहा. हा बघा तक्ता." भिकुबाईंनी एका साहेबाचं नाव घेतलं, आबांनी ते दुरुस्त केलं. संपाचं साल दोनदा दुरुस्त केलं. म्हातारी हळूहळू गप्प झाली. शेवटी म्हणाली, "तुले बठ्ठं माहीत शे ना भाऊ. मंग माले कसाले इचारस?"

सगळं माहीत असणाऱ्याशी मग ती काही केल्या बोलली नाही. मुलीने चहा दिला आणि आबा परत आले.

चार दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. शहाऐंशीची म्हातारी, आज आहे उद्या नाही, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांनी कोकिळाला फोन केला.

"मी खोटं बोललो तुमच्याशी. एक जण आहे."

 ती म्हणाली, "उद्या जाऊ या. तुम्ही चला बरोबर."

दुसऱ्या दिवशी चाळीसगावला आबा बाहेर ओट्यावरच बसले. आतून भिकुबाईंचा आवाज येत होता, मधून हसणंही. कोकिळा काहीच दुरुस्त करत नव्हती. बायका तान्ही लेकरं लपवून आणायच्या, कापसाच्या गाठींमागे निजवायच्या, असं भिकुबाई सांगत होत्या. साहेबांनी पाहिलं तर काम जायचं.

"चिंधा मुकादम मोठा कडक," त्या म्हणाल्या. "पण साहेब येवाना आगोदर तो दारशी उभा राही खोके. तो खोकना की आम्ही पोरं झाकी लेऊत."

 घरात वडील कोणाशी दोन शब्द बोलत नसत. गिरणीतून येत, जेवत, झोपत. दहा वर्षं गोळा केलेल्या कागदांत हे कुठेच नव्हतं. आणि ही गोष्ट सहा दिवसांपूर्वी त्यांच्यासमोर बसलेल्या बाईच्या पोटात होती.

परतीच्या एसटीत ते म्हणाले, "ऐकू द्या जरा."

कोकिळाने इअरफोन दिला. आबांनी तो तुकडा तीनदा ऐकला. भिकुबाई थांबल्या की मागून कोकिळाचा आवाज यायचा, "हं, मग?" त्या दोन शब्दांचा आबांना राग येत होता. ते आपल्याला का सुचले नाहीत, याचा.

"आबा, वडिलांचा फोटो आहे ना तुमच्याकडे?" तिने विचारलं. "व्हिडिओत घेऊ या?"

आबांनी इअरफोन कानातून काढला.

"आहे," ते म्हणाले. "पण खाली माझं नाव टाका."

"टाकणारच होते."

"मोठ्या अक्षरात," आबा म्हणाले, आणि इअरफोन पुन्हा कानात घातला.