मनसारामांचा हात मला दिसत नाही

निळा हात दाखवील तिथे आपला हात घालायचा, विचारायचं नाही. चंद्रपूरजवळच्या मूल गावातल्या या राईस मिलमध्ये रीताला पहिल्याच दिवशी हा नियम सांगितला गेला. मलाही तोच शिकवला होता.

मी चष्मा बोलतोय. साधा नव्हे, डोक्याला आवळून बांधतात तो. मला चढवलं की समोरचं यंत्र तर दिसतंच, शिवाय त्याच्यावर एक निळा हात तरंगताना दिसतो. तो पुण्यात बसलेल्या इंजिनिअर साहेबांचा. ते तिकडे हात हलवतात तसा मी इकडे दाखवतो. बोट रोखलं म्हणजे इथे, पंजा उघडला म्हणजे थांब.

मी आलो तेव्हा मालक गुणवंतरावांनी माझ्यापुढे नारळ फोडला. मला घालायचा मान मनसाराम मिस्त्रींना मिळाला. तीस वर्षं नुसत्या आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखणारा माणूस, पण निळा हात दिसला की 'जी साहेब' म्हणत मान हलवायचा. माझ्या कॅमेऱ्यातून पुण्याच्या पडद्यावर दिसणारी अख्खी मिल तेव्हा वरखाली व्हायची.

मागच्या हंगामात धान वर नेणारा पट्टा एका बाजूला सरकू लागला. दारात धानाचे ट्रॅक्टर उभे. मिल थांबवायची नाही, असं गुणवंतरावांनी बजावलं. पट्ट्यावरची संरक्षक जाळी काढली, पट्टा चालूच. निळ्या बोटाने पट्ट्याजवळचा नट दाखवला आणि मनसारामांनी हात नेला. तेवढ्यात साहेबांना धोका कळला, त्यांनी पंजा उघडला. इथलं नेटवर्क नेहमीसारखं अडखळलं. पंजा माझ्यापर्यंत पोचलाच नाही, आणि मी मघाचंच शिळं बोट दाखवत राहिलो. शिळं आहे, एवढंही सांगितलं नाही.

दोन बोटं गेली.

कागदावर मिस्त्रींची चूक लिहिली गेली. मला कुणी विचारलं नाही, आणि मला ते बरंच वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

बरे होऊन ते परतले. चालू होताना मी आधी घालणाऱ्याचा हात तपासतो. पाच बोटं असली तरच मला तो हात वाटतो. त्यांनी तीन बोटांचा हात समोर धरला. 'हात दिसत नाही,' मी म्हणालो. चार वेळा म्हणालो. तेव्हापासून तो हात ते खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली ठेवतात. चूक माझी, झाकतात ते.

मग त्यांच्या जागी त्यांची मुलगी रीता आली, चंद्रपूरहून डिप्लोमा करून. आज सकाळी पुन्हा तोच पट्टा सरकला. मी तिच्या डोळ्यांवर, निळं बोट त्याच नटावर.

"पट्टा थांबवा," ती म्हणाली.

गुणवंतराव हसले. कॉलेजात शिकलेल्या पोरींना मशीनपेक्षा भाषणच जास्त येतं, म्हणाले. साहेब दाखवत आहेत ना, मग?

"घाल बाई हात," मनसाराम हळूच म्हणाले. "साहेबाले आपल्यापेक्षा जास्त समजते."

हे तिला सोसलं नाही. तिने मला डोक्यावरून उतरवलं, वडिलांचा दुपट्टा बाजूला सारला आणि त्यांचा हात धरून माझ्या काचेसमोर आणला.

"गुणवंतभाऊ, पट्टा थांबल्याबिगर मी हात घालत नाई. काऊन नाई घालत, ते या चष्म्यालेच विचारा."

माझ्याजवळ सांगण्यासारखं किती होतं. पण शिकवलेलं तेवढंच माझ्या तोंडून निघालं.

"हात दिसत नाही. कृपया हात दाखवा."

गुणवंतराव जमिनीकडे पाहू लागले. मनसारामांनी मात्र हात मागे घेतला नाही.