गास्तोनच्या होडीला आठ बैल

जावई आळशी आहे अशी एदुविनाची तक्रार नव्हती. आळशी जावई परवडला असता. त्याला चुलीजवळ बसवून खायला घातलं की तो गप्प राहतो. गास्तोनचं नेमकं उलटं होतं. हा माणूस सगळं एकट्यानं करायचा, आणि तेही अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत.

राजधानीतून दोन दिवस गाडी हाकत तो बेटावर आला तेव्हा त्याच्याकडे दोन पिशव्या होत्या. एकीत त्याचे नि एदुविनाच्या लेकीचे, यानिराचे, कपडे. दुसरीत होडी. पिशवीत मावणारी होडी एदुविनानं साठ वर्षांत पाहिली नव्हती. त्यानं ती बटाट्याच्या वाफ्यालगत पसरली आणि पायानं भाता दाबत फुगवायला घेतली. तासभर अंगणात फुसफुस चालली होती. कोंबड्या त्या दिवशी अंडी घालायच्या विसरल्या.

हिला गाडा लागत नाही, म्हणून तो कौतुकानं सांगत होता. होडीच्या मागच्या फळीला इंजिन नि दोन चाकं. चाकं खाली करायची, पुढची दोरी धरायची आणि चालत सुटायचं. पाणी लागलं की चाकं वर. एकट्या माणसाचं काम.

"जावईबापू," एदुविना म्हणाली, "आमच्याकडे एकट्या माणसाला पुरायलाही कुणी येत नाही."

तो हसला. त्याला वाटलं, सासूबाई विनोद करतायत.

एदुविनाला विनोद सुचायचे दिवस नव्हते. तिचं लाकडी घर कड्यावर होतं आणि समुद्र दरवर्षी कडा खात होता. मागच्या हिवाळ्यात कुंपण गेलं. मग परसाकडची खोली गेली, आत कोणी नव्हतं ही देवाची कृपा. आता स्वयंपाकघराची भिंत आणि कडा यांच्यात तीन पावलं उरली होती. मार्चमध्ये, इथला उन्हाळा सरायच्या आत, मिंगा बोलवायची होती. सगळा गाव जमणार, घर दोन ओंडक्यांवर चढवणार, बैल जुंपून वर देवळाशेजारच्या जागेत ओढून नेणार. मिंगेला मजुरी नसते. घरवाल्यानं पोटभर जेवू घालायचं आणि उद्या ज्याची हाक येईल त्याच्याकडे जायचं. आणि बैलांना हाकारा द्यायला इपोलितो लागायचा. शेजारचाच म्हातारा, पण त्याचा आवाज असा की आठ बैल एका वेळी एक पाय उचलत. तो नाही आला तर घर तिथंच राहणार, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात मासे एदुविनाच्या पलंगावर झोपणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गास्तोन होडी घेऊन निघाला. भरती पुरी चढलेली, पाणी गोट्यांच्या काठापर्यंत आलेलं. कुंपणाशी इपोलितो उभा होता. त्यानं टोपी मागे सारली आणि विचारलं, हात लावू का.

"नको, नको, काका. माझं मी बघतो."

खिडकीत एदुविनाच्या हातातला चमचा तसाच राहिला. या बेटावर पुढे केलेला हात परत करणं म्हणजे 'तुझ्या कामाला मीही येणार नाही' असं तोंडावर सांगणं. इपोलितोनं टोपी पुन्हा कपाळावर ओढली. खिडकीकडे बघून मान हलवली आणि गेला. मान हलवली ती नमस्काराची नव्हती, एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही.

होडी मात्र झकास गेली. उतार होता, पाणी जवळ होतं. गास्तोननं चाकं वर केली, इंजिन सुरू केलं आणि किनाऱ्याकडे बघून हात हलवला, जसं काही कुणी त्याला निरोप द्यायला आलं होतं.

दोन वाजता तो परत आला तेव्हा समुद्र जागेवर नव्हता.

इथली ओहोटी अशी उतरते की जणू तळाचं बूच कोणी काढलंय. सकाळी जिथं पाणी होतं तिथं आता तीनशे पावलं चिखल. गास्तोननं चाकं खाली केली आणि ओढायला लागला. चाकं बुडली. त्यानं आणखी ओढलं. चाकं आणखी बुडली. रिकामी होडी यानिरानंसुद्धा ओढली असती, पण मागे इंजिन, पेट्रोलची टाकी, नांगर आणि एक मासा असलेली बादली होती, आणि यातलं काही उतरवून दोन खेपा करायच्या म्हणजे हार मानायची. थोड्या वेळानं डावा बूट चिखलात राहिला. त्याला शोधायला गेला तेव्हा एक चाक सुटलं.

तोवर किनाऱ्यावर गाव जमला होता. बायका विणकाम घेऊन आल्या. कोणीतरी बाक आणला. मदतीला कोणी उठलं नाही, कारण कोणी मागितली नव्हती. इपोलितो बाकाच्या मधोमध बसला होता. तो एवढंच म्हणाला, की पोरगा होडीतच बसून राहिला तर सहा तासांत समुद्र स्वतः त्याला घरी सोडेल.

यानिरा मदतीला निघाली तशी एदुविनानं तिला हाताला धरून मागे ओढलं. स्वतःचे गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले आणि चिखलात उतरली. गास्तोन शंभर पावलांवर, चिखलानं माखलेला, एका बुटावर उभा होता.

"नांगराची लांब दोरी सोडत काठावरच्या खुंटाला बांधा आणि माझ्याबरोबर चला."

"कुठं, आई?"

"इपोलितोच्या घरी. मदत मागायला. आणि तिसरा काढा पोटात जाईपर्यंत होडीचं नाव काढायचं नाही."

"पण ते तर इथंच बसलेत."

"इथं ते बसलेत. मागायचं घरी जाऊन असतं."

इपोलितोला कळलं. तो उठला, लगबगीनं घरी गेला आणि ही दोघं पोचली तेव्हा जणू सकाळपासून चुलीपाशीच होता असा चेहरा करून त्यानं दार उघडलं. गास्तोनला चुलीजवळच्या बाकावर बसवलं, खाली गोणपाट टाकून. नळीनं ओढायचा कडू काढा फिरू लागला. पहिल्या काढ्याला बटाट्यावरच्या रोगाचं बोलणं झालं. दुसऱ्याला इपोलितोच्या मेहुणीच्या गुडघ्याचं. गास्तोनच्या पायावर चिखल वाळून तडकत होता. मधेच त्यानं तोंड उघडलं, "काका, ती होडी..." इपोलितोला त्या क्षणी ऐकू येईनासं झालं. त्यानं मेहुणीचा दुसरा गुडघा काढला.

तिसरा काढा संपला. एदुविनानं जावयाच्या बरगडीत कोपर मारलं.

गास्तोन एकदम उभाच राहिला. "काका, सकाळी माझं चुकलं. मला एकट्याला नाही जमत."

इपोलितोनं नळी पुसली, भांडं खाली ठेवलं.

"बैल किती लागतील?"

"एक जोडीही पुष्..." गास्तोन म्हणायला लागला आणि एदुविनाचा बूट त्याच्या उघड्या पायावर पडला. "तुम्ही म्हणाल तितके."

"चार जोड्या," इपोलितो म्हणाला. "मिंगा ती मिंगा."

बैल गोळा करून, जू चढवून आठ वाजले. उन्हाळ्याचा उजेड अजून होता आणि भरती पुरी आली होती. होडी वाऱ्यानं सरकत अगदी गोट्यांपाशी येऊन डुलत होती. पाण्यात पाय न भिजवता ती उचलता आली असती. गास्तोननं ती पाहिली, मग चार जोड्या पाहिल्या, मग तीस माणसं. त्याचे ओठ हलले. एदुविना त्याच्या शेजारीच उभी होती, पण या वेळी बूट उचलावा लागला नाही. त्यानं ओठ मिटले आणि दोरी धरायला पुढे गेला. तिनं ते बघून ठेवलं.

घर ओढायचा जाडजूड दोर होडीच्या नाकाला बांधला. दोर होडीपेक्षा जड होता. इंजिनाला धक्का लागू नये म्हणून गास्तोन आत बसला. तिसांनी मागून हात लावले, म्हणजे सहांना जागा मिळाली आणि बाकीच्यांनी त्या सहांच्या पाठीला लावले. इपोलितोनं छाती भरून हाकारा दिला.

आठ बैल घराच्या तयारीनं झुकले. मागून घर आलंच नाही. बिचारे गुडघ्यांवर येता येता सावरले, आणि सावरायला म्हणून जे धावले ते थांबेनात. होडी गोट्यांवरून उडाली. मागचे तीसही जण एकावर एक पाण्यात आडवे झाले. गास्तोन माशाची बादली पोटाशी धरून एदुविनाच्या कोबीतून, कोंबड्यांतून, अंगणातून वर गेला आणि देवळाशेजारच्या मोकळ्या जागेत, जिथं मार्चमध्ये घर यायचं होतं, बरोबर तिथं बैलांना दम लागला.

गाव अर्धा तास हसत होता. विणकामवाल्या बायकांना एकमेकींना धरून उठवावं लागलं. इपोलितोचा तर ज्या आवाजावर गावाची घरं हलत, तो आवाज हसून हसून बसला.

पण मिंगा झाली होती, म्हणजे तीस जणांना जेवण देणं आलं. मार्चसाठी टांगून ठेवलेली डुकराची मांडी एदुविनानं खाली काढली. बटाटे गास्तोननं किसले, दोन पोती. किसून, फडक्यात पिळून, थापून, एकट्यानं नाही, पाच बायकांच्या मधे बसून आणि त्यांचे टोमणे खात. त्याचा एकुलता मासा मानानं इपोलितोच्या ताटात गेला.

जाताना इपोलितो दारात थबकला. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वहिनी, बैलांना आता वाट पाठ झाली. मार्चमध्ये घर आणा."

दार लागलं. एदुविना चुलीशी आली. जावई बसल्या जागी पेंगत होता, बोटांना किसणी लागलेली, केसांत कोबीचं पान. पाच वर्षं तिनं त्याला अहोजाहो केलं होतं, परक्याला करतात तसं. तिनं ते पान काढून चुलीत टाकलं.

"चाळीस किलोची होडी आणि आठ बैल. वजन कुणाचं होतं ते गावानं बघितलं, गास्तोन. उद्या तो दुसरा बूट काढून आण. मार्चच्या मिंगेसाठी गावातल्या उरलेल्या बावीस घरी मागायला तू माझ्याबरोबर येणार आहेस. बोलायचं मी बघते. तू फक्त बस, आणि तिसऱ्या काढ्यापर्यंत तोंड बंद ठेव. एवढं एक तुला चांगलं जमतं."