चुळबुळ की चुलबुल

जयपुरात, सीतापुऱ्याच्या पुढच्या मैदानात, ऐन मे महिन्यात संगीत महोत्सव भरवायची बुद्धी ज्याला झाली, त्याला आधी तिथल्या पत्र्याच्या संडासांशेजारी तासभर उभं करायला हवं होतं. हर्षाली, तिचे बाबा आणि मैत्रीण सोनम यांना जागा मिळाली ती नेमकी तिथे. वास असा, की रुमालानेही हात टेकावेत. सांडलेल्या सरबताने चपला जमिनीला चिकटत होत्या. संध्याकाळ झाली तरी गरम वारा तोंडावर धूळ मारत होता. हर्षालीला त्याचं काही नव्हतं. आज 'चुळबुळ' बँडवाले गाणार होते.

तिचे बाबा, नागनाथराव, मूळचे बार्शीचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यातले. हर्षाली जन्मली, शिकली ती जयपुरात, आणि 'ळ' काही तिच्या जिभेवर बसला नाही. बाळाचं बाल व्हायचं, केळ्याचं केलं.

"केलं नव्हं गं, केळं. जीभ वर ने," नागनाथराव जेवताजेवता सुधारायचे. कंटाळून एकदा तिने घरात मराठी बोलणंच बंद केलं. पुढे कधीतरी 'चुळबुळ' या पुण्याच्या बँडचं 'गळकं आभाळ' तिच्या कानावर पडलं. त्यांचा गायक निलय 'ळ' असा घोळवायचा, की ऐकणाऱ्याने ऐकतच राहावं. त्या एका गाण्यापायी पोरगी परत मराठी बोलायला लागली. आरशासमोर जीभ वळवून वळवून तिने ते घोकलं. गाताना 'ळ' जमायला लागला, बोलताना मात्र अजून घसरायचाच. म्हणून तर तिने बाबांना ओढून आणलं होतं. त्यांच्या शेजारी उभं राहून ते गाणं म्हणायचं आणि त्यांना एकही अक्षर सुधारायला मिळू द्यायचं नाही, एवढी तिची हौस.

स्टेजच्या कमानीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चुलबुल'.

"हे काय गं?" नागनाथरावांनी विचारलं.

"इथल्या लोकांनी चुकून लिहिलंय, बाबा. मतलब, निलयने बघितलं ना, तर तो चिडेल."

निलय आला. केसांना सोनेरी रंग, अंगात चमचमतं जाकीट. माईक तोंडाला लावून तो ओरडला, "हॅलो जयपुर! हम हैं चुलबुल!"

हर्षालीने बाबांकडे बघायचं टाळलं.

मग ते गाणं सुरू झालं. तिने श्वास भरून घेतला, तोंड उघडलं, आणि वरून निलयचा आवाज आला, "गलकं आभाल..." एक कडवं तसंच झालं. मग हात वर करून त्याने वादकांना थांबवलं.

"असली लफ़्ज़ 'आभाळ' है," तो हसत म्हणाला. "लेकिन ये ळ आप लोगों से नहीं होगा. मेरी दादी बोलती थी तो ऐसा लगता था..." आणि वाकून, दोन बोटं तोंडात घालून, ओकल्यासारखा आवाज काढला त्याने. "ळ्ळ्ळ!" माईकमधून तो ओला आवाज मैदानभर घुमला. लोक खो खो हसले. निलयने बोटं जाकिटाला पुसली आणि पुन्हा एकदा करून दाखवलं.

"हमसे नहीं होगा?" सोनम फणकारली. "मेरी दादी गाँव में 'काला' को 'काळो' ही बोलती हैं. इसको किसने बताया?"

हर्षालीने नाकातोंडावर रुमाल दाबला. तो संडासांच्या वासासाठी नव्हे. जे अक्षर या माणसाच्या तोंडून ऐकून आपण महिनोन्महिने आरशासमोर वळवलं, ते त्याला ओकारीसारखं वाटत होतं? त्याची ती ओली बोटं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. भोवताली सगळे "गलकं आभाल" म्हणून उड्या मारत होते. तिने बाबांचा हात धरला आणि सोनमला खुणावून सरळ बाहेरची वाट धरली.

स्कूटरपाशी नागनाथरावांनी पाण्याची बाटली पुढे केली. तिने चूळ भरून टाकली. पुन्हा भरली, पुन्हा टाकली.

"बरं वाटत न्हाई का?" त्यांनी विचारलं. "का गाणं न्हाई आवडलं?"

"किळस आली, बाबा," ती म्हणाली. "त्या माणसाची किळस आली मला."

सुधारायच्या सवयीने नागनाथरावांचं तोंड उघडलं. उघडलं तसंच राहिलं.

"काय आली?" त्यांनी हळूच विचारलं.

"किळस! ऐकू येत नाही का तुम्हाला? किळस!"

सोनम शेजारी आपल्या स्कूटीवर बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. आत मैदानात पुन्हा तो ओकारीचा आवाज झाला, पुन्हा हशा उठला. नागनाथरावांनी बाटलीचं झाकण लावलं.

"आलं ऐकू," ते म्हणाले. "बस मागं."