तळ्याच्या बुडाशी उभा असलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे, पाण्याचा. त्यामुळे माझ्यावर कुणी टकटक केली नाही की माझ्या आडून कुणी चोरून ऐकलं नाही. स्कॉटलंडात किलवारी नावाची एक जहागीर आहे. तिथल्या पाणी वाहून नेणाऱ्या चराच्या तोंडाशी, दोन दगडी खांबांच्या मधे मी उभा आहे. अजूनही आहे, पण निम्मा खाली येऊन अडकलेला.

मित्रांनो, माझ्या आधी इथे मोठं तळं होतं. त्यात ईल मासे होते, हंस होते, काठाला छपरं शाकारण्यापुरते बोरू होते. मालक लुडोविक किनिअर यांना मात्र तळ्याच्या तळाशी शिंपल्यांची पांढरी माती दिसली. ती शेतात टाकली की पीक दुप्पट येतं, असं ते कुठेतरी वाचून आले होते. मग काय, टेकडी फोडून नदीपर्यंत चर खणला आणि दोन उन्हाळ्यांत तळं रिकामं केलं. त्याच जहागिरीतला एक ओक पाडून सुतारानं मला घडवलं. एरवी मी वर उचललेला असायचो, म्हणजे पाणी बाहेर वाहून जाई. नदीला पूर आला की मला खाली सोडायचं, म्हणजे ती आत शिरत नसे. एवढंच माझं काम.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. शहरातून गाड्या भरभरून पाहुणे आले. मालकांना पदक मिळालं. मला तेलाचा एक हात मिळाला, तोही त्या पाहुण्यांसमोर.

पांढरी माती संपली. खालची काळी जमीन मालकांनी कुळांना वाटून दिली. त्या जमिनीची एक खोड कुणाच्या ध्यानात आली नव्हती. ती ओली होती तोवर फुगलेली होती. वाळली तशी बसू लागली, वर्षाला बोटभर. वीस वर्षांत शेतं नदीच्या पातळीखाली गेली. मी तेवढा होतो तिथेच राहिलो. शेवटी काय झालं ते आताच सांगून टाकतो: मालकांच्या नातवाला माझी डागडुजी परवडेना, आणि तळं आपल्या जागी परत आलं. त्याचं मला दुःख नाही. हंसही आले. मला सांगायचंय ते त्याआधीच्या एका रविवाराबद्दल.

तेव्हा माझी राखण डँड रेनी करत असे. मला खाली सोडायचा लोखंडी दांडा त्याच्या घरात खिळ्याला टांगलेला असे. डँड माणूस सरळ, पण चर्चच्या पंचांपैकी एक. रविवारी काम म्हणजे पाप, हे तो नुसतं मानत नसे, मानायला लावत असे. गिरणीवाल्याच्या टिबीनं रविवारी दोन बादल्या पाणी आणलं, तर त्यानं तिला चर्चमध्ये सगळ्या गावासमोर पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवलं होतं.

तो सप्टेंबरातला रविवार होता. ग्रिझेल, म्हणजे डँडच्या मेलेल्या भावाची बायको, हिचे ओट कापून शेतात वाळत उभे होते. पेंढ्या एकमेकींना टेकवून रचलेल्या अठरा राशी. तिचा आणि तिच्या म्हाताऱ्या आईचा अख्खा हिवाळा त्या अठरा राशींवर होता. डोंगरात पाऊस झाला होता आणि नदी तांबूस होऊन फुगत होती. सकाळची प्रार्थना सुटल्यावर डँड माझ्याजवळ येऊन उभा राहिला. बघणं म्हणजे काम नव्हे, असा त्याचा हिशेब असावा. मागून ग्रिझेल आली. दांडा तिनं शालीखाली आणला होता.

"डँड, दरवाजा सोड."

"आज रविवार आहे."

"मला ठाऊक आहे. नदीला नाही."

"उद्या उजाडताच सोडतो."

"उद्या काय पोहायला येतोस? मेंढी खड्ड्यात पडली तर रविवारी काढता येते. बायबलातून तूच वाचून दाखवतोस."

"ओट म्हणजे मेंढी नव्हे, ग्रिझेल."

"मग मी आणि आई मेंढीपेक्षा कमी का रे? टिबीला बसवलंस म्हणून आता स्वतः हात लावायची तुला लाज वाटते. एवढंच आहे ते."

तिनं दांडा लावला आणि एकटीनं फिरवू लागली. मी चार बोटं खाली आलो आणि अडलो. मी दोन माणसांचा दरवाजा आहे, त्यात माझा काय दोष? पाणी माझ्याखालून आत चाललं होतं. पहिली रास आडवी झाली, मग दुसरी. डँड हात पाठीमागे बांधून उभा होता. सातवी पडली तेव्हा त्यानं रविवारचा कोट काढला, नीट घडी करून माझ्या कठड्यावर ठेवला आणि दांड्याला हात घातला. मी खाली गेलो.

कुणीतरी पाहिलंच होतं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाद्र्यांनी ग्रिझेलला उभं केलं आणि विचारलं, सोबत कोण होतं? ती म्हणाली, "मी एकटीच होते." मी एका माणसाच्यानं हलत नाही हे साऱ्या गावाला माहीत. कुणी हसलं नाही. डँड पंचांच्या बाकावरून उठला आणि आपण होऊन स्टुलावर जाऊन बसला. मी तिथे नव्हतो. ग्रिझेलनं हे नंतर आईला माझ्याच कठड्यावर बसून सांगितलं, म्हणून मला कळलं.

पाद्र्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "केल्याचा पश्चात्ताप होतो का?"

"होतो," डँड म्हणाला. "सात राशी बुडेपर्यंत उभा राहिलो, त्याचा."

त्याचं पंचपद गेलं. त्या हिवाळ्यात त्याच्या घरचं निम्मं पीठ ग्रिझेलकडे जात असे. तिनं कधी आभार मानले नाहीत, आणि त्यानंही तशी अपेक्षा ठेवली नाही.

मित्रांनो, माझी डागडुजी करा असं मी म्हणणार नाही, तो काळ गेला. पण तुमच्या गावात असा एखादा दरवाजा असेल, तर त्याचा दांडा कुठे टांगलाय ते पाचदहा जणांना सांगून ठेवा. आणि पाणी चढू लागलं की आधी धावत या. वार कुठला होता ते मागाहून विचारा.