उसनी जीभ

वैद्यीणबाईंच्या दवाखान्यात एक नियम होता. काढा कुणालाही द्यायचा असो, पहिला घोट त्याच्यासमोर बाई स्वतः घेणार. घेतला की त्यांचं तोंड असं काही वाकडं व्हायचं, की आजारी माणूसही हसायचा आणि हसता हसता आपला पेला रिकामा करायचा. निम्मा गुण त्यातच येत असावा.

काढा असे जंगलातल्या अळंबीचा. कुजत्या बुंध्यावर फळीसारखी आडवी वाढणारी, तांबूस, लाकडाइतकी टणक अळंबी. "खोकला त्याच्या वेळेने जाईल, तोवर झोप तर लागेल," यापलीकडे बाईंनी कधी दावा केला नाही. पण त्याच बुंध्यांवर तिची एक बहीणही उगवते. दिसायला हुबेहूब, पण पोट बिघडवणारी. दोघींतला फरक डोळ्यांना कळत नाही. इवलासा तुकडा चावायचा आणि थुंकून टाकायचा. कडूजहर लागली तर खरी.

आणि हिवाळ्यातल्या तापानंतर बाईंच्या जिभेची चवच गेली होती.

"येईल परत," असं स्वतःला समजावत त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. नखाने ठोकून, हातात तोलून, अंदाजाने अळंबी आणत राहिल्या. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी कुणीतरी वरच्या फळीवर नेऊन ठेवली होती, तिकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही.

मग एके दिवशी टपालवाली हसत दारात आली. "बाई, जादू केलीत! या वेळचा काढा पोरगी मिटक्या मारत प्यायली. पोट दुखलं जरा, पण आता खेळतेय."

मिटक्या मारत? म्हणजे बाईंनी या वेळी ती बहीणच उकळली होती. तशाच तिच्या घरी गेल्या, बाटली मोरीत ओतली, "चूक माझी आहे," म्हणाल्या, आणि पोरीचं पोट चाचपून, ती खरंच बरी आहे हे पाहूनच परतल्या. घरी येऊन स्टुलावर चढल्या आणि दारावरची पाटी काढू लागल्या.

पुढच्या खोलीत पडद्याच्या एका बाजूला दवाखाना, दुसऱ्या बाजूला नवऱ्याचं शिलाई मशीन. शिंपी महाशय गोडाचे इतके वेडे, की चहात साखर नव्हे, साखरेत चहा घ्यायचे. मशीन थांबलं.

"पडशील अगं. काय चाललंय?"

"दवाखाना बंद. माझी चव गेलीय, अहो." एवढं बोलून त्या स्टुलावरच बसून रडल्या.

"ते ठाऊक आहे मला."

"कसं?"

"आठवडाभर चहात मीठ घालत होतीस."

"आणि तुम्ही प्यायलात?"

"प्यायलो. मग बरणी हलवली." शिंपी खाली बघत म्हणाले, "तू आपणहून सांगशील, म्हणून थांबलो. काढ्याचं सगळं जिभेवर चालतं, हे नव्हतं गं माहीत. नाहीतर तेव्हाच बोललो असतो."

बाईंना राग आला आणि त्याहून जास्त माया दाटून आली. आठवडाभर खारट चहा, आणि या माणसाने!

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी बूट घालून दारात उभे. आयुष्यात मशीन सोडून कधी कुठे न गेलेला माणूस जंगलात धापा टाकत चालला. पहिल्या बुंध्यावरचा तुकडा बाईंनी त्यांच्या जिभेवर ठेवला.

"बरा लागतो की!"

"थुंका. ती बहीण." बाईंनी ती अळंबी फेकून दिली.

दुसरा बुंधा, तिसरा. चौथ्या बुंध्यावरचा तुकडा चावला मात्र, शिंप्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक आक्रसलं, ओठ कानाकडे गेले. वर्षानुवर्षं दवाखान्यात दिसायचं तेच वाकडं तोंड, फक्त मिशांसकट. बाई इतक्या हसल्या, की त्यांना बुंध्याला टेकावं लागलं. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले.

शिंप्यांनी घाईघाईने थुंकून खिशातून साखरेचा खडा काढला. बाईंनी वरच्यावर त्यांचा हात धरला.

"साखर घरी गेल्यावर. आता ही जीभ माझी आहे."

त्यांनी मुकाट्याने खडा खिशात टाकला. धरलेला हात काही बाईंनी सोडला नाही, आणि दोघं पुढच्या बुंध्याकडे निघाली.