काच कशाला असते?

आठ दिवस वहिनी तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या. तेवढ्यात दिरानं कॉफीच्या दुकानात पडदा लावला.

साधा निळा पडदा, काउंटरच्या मागे. त्याच्यापुढे वहिनींचं काचेचं भांडं जसंच्या तसं. खाली पाण्यासाठी काचेचा गोळा, वर नळीचं दुसरं भांडं, मध्ये गाळायचं फडकं आणि गोळ्याखाली स्पिरिटचा दिवा. वहिनींनी सवयीनं वात सारखी करायला हात घातला, तर वातच नाही. बुडाशी बटण. दाबलं, तशी प्लास्टिकची ज्योत लुकलुकायला लागली. वर बोट धरलं तरी चटका म्हणून नाही.

"भाऊजी, हे काय?"

दीर हात पुसत पडद्यामागून आला. मागे एक नवं यंत्र घरघरत होतं. लहान मुलाला समजवावं तसं त्यानं समजावलं. कॉफी यंत्रात करायची, गोळ्यात भरायची, बत्ती लावायची आणि गिऱ्हाइकासमोर नेऊन ओतायची. "लोकांना भांडं बघायला आवडतं, वहिनी. थांबायला नाही आवडत. आणि तुम्ही तरी किती दगदग करणार? नुसत्या इथे उभ्या राहा. दुकानाला शोभा येते."

शोभा म्हणे! नवरा गेल्यावर जिनं हे काउंटर एकटीनं उभं ठेवलं, बोटं भाजली, फुटलेल्या काचा वेचल्या, ती बाई आता शोभेला! फुलदाणीच की!

वहिनींचा नवरा, म्हणजे याच दिवट्याचा थोरला भाऊ, प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला या भांड्याची गोष्ट सांगायचा. पूर्वी कॉफी म्हणजे काढाच, उकळ उकळ उकळायची आणि गाळासकट घशाखाली ढकलायची. मग पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी काही खटपट्या लोकांनी हे काचेचं प्रकरण काढलं. सुरुवातीला काचा फटाफट फुटायच्या. तेव्हाची माणसं टेबलाखाली बसून कॉफीची वाट बघत असतील, असं म्हणून तो स्वतःच हसायचा. ज्यांनी ते भांडं सुधारलं त्यांत एक बाई होती, हे मात्र तो वहिनींकडे बघून सांगायचा. मग कॉफी स्वयंपाकघरातून उठली ती थेट बैठकीत, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत. वाफेच्या जोरावर पाणी वर चढतं, कॉफीत मुरतं. दिवा बाजूला केला की खालची वाफ थंडावते आणि कॉफी फडक्यातून गाळून सुर्र करत खाली ओढली जाते. "एवढी नाजूक काच कशाला?" तो विचारायचा आणि उत्तरही तोच द्यायचा, "लपवायचं काही नाही म्हणून."

आणि त्याच्याच सख्ख्या भावानं त्या काचेमागे पडदा टांगला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, फक्त इथे दिवासुद्धा खोटा.

"ही फसवणूक आहे, भाऊजी."

"कुणाला कळलं, सांगा ना! टिकटिक रोज येऊन पिऊन गेला. काय म्हणाला माहितीय? वहिनींच्या हातची चव अगदी तशीच."

टिकटिक म्हणजे समोरचा घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा. दुकान उघडल्यापासूनचं गिऱ्हाईक. त्याला शंभर वर्षं आयुष्य, कारण तेवढ्यात तोच दारात उभा राहिला.

"बऱ्या झालात का, वहिनी? फार छान झालं!"

"बसा," वहिनी म्हणाल्या. "आधी मला सांगा, आठ दिवस तुम्ही इथे जे प्यायलात, ते या भांड्यात झालेलं होतं?"

म्हातारा दिराकडे बघेना, वहिनींकडे बघेना. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"जन्म गेला माझा भिंगातून बघण्यात," तो हळूच म्हणाला. "पाणी वर चढलंच नाही, हे मला दिसणार नाही का? पडद्यामागून भरलेलं भांडं यायचं."

"मग चव तशीच, असं का म्हणालात?"

"मला वाटलं, तुम्हीच सांगितलं असेल असं करायला. तुम्ही थकला असाल, हात चालत नसतील. म्हटलं, इतकी वर्षं पाजली बाईनं, आता एवढं खोटं आपणही गिळावं."

फसला असता तर परवडलं असतं! या माणसानं त्यांना लबाड ठरवलं होतं, वर माफही करून टाकलं होतं, आणि त्यांना पत्ताच नाही. घरी त्या पेज पीत पडल्या होत्या आणि इथे त्यांच्या नावानं दया वाटली जात होती.

त्यांनी पडदा दोन्ही हातांनी धरला आणि दांड्यासकट खाली ओढला. यंत्र उघडं पडलं.

"वहिनी! गिऱ्हाइकं बघतायत!" दीर पुटपुटला.

"बघू देत! त्यासाठीच काच आहे!"

"असंच करायचं असेल तर हे काउंटरच काढून टाकतो मी."

"टाका. मी दारात स्टूल मांडून करीन. पण माझ्या नावाची कॉफी मीच करीन. तुमची तुम्ही तुमच्या नावानं विका, माझी काही हरकत नाही."

बटणाची बत्ती त्यांनी दिराच्या तळहातावर ठेवली. फळीखालून जुना दिवा काढला, स्पिरिट भरलं, गोळ्यात पाणी आणि वरच्या भांड्यात कॉफीची पूड घातली, काडी ओढली. टेबलांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. पाणी गुडगुडलं, नळीतून वर चढलं. वहिनींनी ढवळलं खरं, पण डोळे भरून आले होते आणि दिवा बाजूला करायचं भान वेळेवर राहिलं नाही. काढला तेव्हा उशीर झाला होता. कॉफी सुर्र करत उतरली, नेहमीपेक्षा काळी.

त्यांनी कप टिकटिकसमोर ठेवला. त्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. या वेळी त्यानं ते लपवलं नाही.

"कडू झालीय, वहिनी."

"झालीय," वहिनी म्हणाल्या. "माझ्या हातची आहे."