लाल तेलाचा वास

"गिअरबॉक्सच," आमचे हे गाडीखालून सरपटत बाहेर येत म्हणाले. बोटावरचं लाल तेल त्यांनी अंगठ्यानं चोळलं, नाकापाशी नेलं आणि डोळे मिटले. "जळका वास आहे. दुसरं काही असूच शकत नाही."

"अहो मिस्त्री, पण गिअरबॉक्सचं सील तुम्ही मागच्याच आठवड्यात बदललंत ना?" चित्रकलेच्या बाईंनी विचारलं.

"मग पॅकिंग गेलं असेल."

"तेही बदललंत की."

यावर हे बोटावरचं तेल पुसत बसले. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून गॅरेजचे फोन घेते, सामान मागवते आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलते, कारण ते खातं यांना जमत नाही. पण गिऱ्हाइकासमोर यांची दातखीळ बसलेली मी प्रथमच पाहत होते.

आमचं गॅरेज फक्त जुन्या गाड्यांचं. नवी गाडी दारात आली की हे हात जोडतात. "तिचं दुखणं तीच पडद्यावर लिहून सांगते, मग मी काय तिची पूजा करू?" बाईंची गाडी मात्र अस्सल जुनी. लांबरुंद, पुढे एकच अखंड सीट, गिअर आपोआप बदलणारे आणि स्टिअरिंग एका बोटानं फिरणारं. गिअरबॉक्समध्येही लाल तेल आणि स्टिअरिंगमध्येही तेच लाल तेल. त्यामुळे खाली थारोळं दिसलं तरी ते कुठून गळलं हे नुसतं बघून सांगता येत नाही. आमच्या यांचं नाव झालं ते इथेच. हे वास घेत आणि सांगत. गिअरबॉक्समधलं तेल तापून तापून करपलेलं असतं, स्टिअरिंगचं तसं नसतं. गावभर यांना नाकवाले मिस्त्री म्हणतात. गळती शोधायला पावडर फासणाऱ्या मेकॅनिकांची हे मनसोक्त टिंगल करत. "ते काय गाडीला नटवायला बसलेत?"

या वेळी मात्र काहीतरी भलतंच चाललं होतं. गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली तर तेल पुरेपूर. स्टिअरिंगची टाकी उघडली तर तीही काठोकाठ. तेल कुठूनच कमी होत नव्हतं आणि बाईंच्या अंगणात रोज थारोळं साचत होतं!

"रविवारी आमच्या यांना हॉस्पिटलमधून सोडणार आहेत," बाई म्हणाल्या. त्यांचे यजमान जिन्यावरून पडले होते, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. "हट्ट धरून बसलेत, येईन तर माझ्याच गाडीतून. म्हणतात, जाताना मला उचलून नेलंत, येताना मी माणसासारखा बसून येणार. त्या लांब सीटवर पायही सरळ ठेवता येतो. होईल ना हो गाडी?"

"होणार म्हणजे होणार," हे म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

आता घरातलं सांगते. थंडीत यांना मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालं होतं. एकदा मी शेजारी गेले, गॅसवर दूध होतं. परत आले तर घरभर करपल्याचा वास, पातेलं काळंठिक्कर, आणि हे चार हातांवर पेपर वाचत बसलेले. "अहो, नाक आहे की भिंतीवरची खुंटी?" मी ओरडले. "विचारात होतो," एवढंच बोलले.

आणि दुसरं त्याहून विचित्र. मी सुट्टीच्या दिवशी डोक्याला मोगऱ्याचं तेल लावते. लग्न झाल्यापासून त्या संध्याकाळी हे दारातच म्हणणार, "आज तेल लावलंस वाटतं. छान वास येतोय." यांच्या प्रेमाचं भाषण काय ते एवढंच. पण हल्ली हे रोज म्हणायला लागले होते! तेल लावलेलं नसताना, कांदे चिरत असताना, एकदा तर मी फिनेलनं फरशी पुसत असताना. मला काही सुधरेना. यांना भ्रम होतोय की काय? की दुसऱ्याच कुणाच्या तेलाचा वास नाकात बसलाय? या वयात? मग मलाच हसू यायचं.

बाई गेल्या. हे गाडीच्या बॉनेटला टेकून नुसते उभे राहिले. मी गाडीखालचा पुठ्ठा टाकून द्यायला उचलला, तेव्हा माझी बोटं लाल झाली. सहज नाकाशी नेली.

करपट वास नव्हता.

मला तो वास पक्का ठाऊक होता. जुन्या गिअरबॉक्सला नवं तेल पचत नाही, असं यांचं शास्त्र. म्हणून मागच्या आठवड्यात काढलेलं तेल गाळून परत भरलं होतं आणि गाळायचं कापड मीच धरलं होतं. दोन दिवस हाताचा वास गेला नव्हता. थेट त्या करपलेल्या दुधासारखा. आणि हे बोटावरचं तर बाटलीतून आत्ता ओतल्यासारखं.

मी यांच्यासमोर बोट धरलं. "कसला वास येतोय?"

"सांगितलं ना. जळका."

मी पदराला बोटं पुसली आणि रिकामा हात पुढे केला. "आणि आता?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या हाताकडे.

"काही येत नाही गं," ते म्हणाले. "तापापासून काहीच येत नाही. पेट्रोल येत नाही, साबण येत नाही. वाटलं, येईल परत. थारोळं गिअरबॉक्सखाली होतं, म्हणून गिअरबॉक्स म्हणालो."

मला एकदम सगळं कळलं. दूध कळलं, तेल कळलं. मी तेल लावलेला दिवस चुकू नये म्हणून हे रोज म्हणत होते! मला रडूही आलं आणि रागही आला. "अहो, एवढं सगळं एकट्यानं पोटात ठेवलंत? मी काय परकी आहे?"

"नाकवाला म्हणतात मला," ते म्हणाले. "काय सांगू?"

मी घरी जाऊन माझ्या पावडरचा डबा आणला आणि त्यांच्या हातात ठेवला. ते डबा घेऊन गाडीखाली शिरले. खालची सगळी बाजू पुसून काढली, आणि ज्यांना हसत आले त्यांच्यासारखीच पावडर फासली. मी गाडीत बसून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिले.

"थांब!" ते खालून ओरडले.

पुढे, स्टिअरिंगच्या पाइपच्या जोडावर पावडर लाल झाली होती. तेल तिथे झिरपत होतं, लोखंडी दांड्यावरून मागे ओघळत होतं आणि गिअरबॉक्सखाली येऊन ठिबकत होतं.

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अगंबाई! म्हणून का मला रोज सकाळी त्या टाकीत तेल घालावं लागत होतं! स्टिअरिंग कण्हायला लागलं की बाटलीतलं थोडं घालायचं, असं आमच्या यांनी शिकवून ठेवलंय."

"अहो बाई, मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? गाडी आली की तुम्ही थेट वास घेता."

यांनी बोटं फडक्याला पुसली. मग म्हणाले, "माझं नाक गेलंय, बाई. तुमचा गिअरबॉक्स उगाच उघडला. यापुढे विचारत जाईन." आपणहून म्हणाले. मी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

रविवारी ती गाडी गॅरेजसमोर थांबली. पुढच्या सीटवर पाय सरळ पसरून बाईंचे यजमान बसले होते. त्यांनी गाडी चालवणाऱ्या बाईंसमोरून हात घालून हॉर्न वाजवला, खणखणीत. यांनी नुसता हात वर केला. गाडी निघून गेल्यावर त्या जागी वाकून जमीन बोटानं चाचपली. कोरडी होती.

दुपारी मी डोक्याला तेल लावलं. संध्याकाळी हे आले, चपला काढल्या, हातपाय धुतले आणि खुर्चीत बसले. काहीच बोलले नाहीत. आता खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं. घर इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं.

मी चहा घेऊन गेले. "अहो," मी म्हणाले, "आज तेल लावलंय."

त्यांनी कप खाली ठेवला. माझं डोकं जवळ ओढून केसांना नाक लावलं, डोळे मिटले, आणि तसेच थांबले.